निळी कमळे नव्हेत

आमच्या विभागाच्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, एक पिवळी पडलेली फाइल आहे. तिच्यात सोळा पानांचे एक टिपण आहे. 2007 साली आम्ही दोघींनी मिळून ते तयार केले. नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी जगातले सगळे वाचले पाहिजे असे तेव्हा आम्हांला मनापासून वाटत असे. त्या उत्साहात आम्ही 'इसे मोनोगातारी' या प्राचीन जपानी ग्रंथातील काही प्रकरणांचे, इंग्रजी अनुवादावरून, मराठी भाषांतर केले आणि एम.ए.च्या मुलांना झेरॉक्स काढून वाटले. पुढे बारा वर्षे तेच टिपण वर्गावर्गांतून फिरत राहिले. त्यात एक चूक होती. ती एकाच शब्दाची होती, पण त्या शब्दावरच ते प्रकरण उभे आहे. हा लेख त्या चुकीचा आणि त्या शब्दामागच्या झाडाचा आहे.

ज्यांनी 'इसे' वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगायला हवे. सव्वाशे लहान लहान प्रकरणांचा हा ग्रंथ. गद्याचा एखादा परिच्छेद आणि त्यात कोंदणासारखी बसवलेली एखाददुसरी कविता, असे त्याचे रूप. रचना नवव्या-दहाव्या शतकातली. नायकाला नाव नाही, पण तो म्हणजे कवी आरिवारा नो नारिहिरा (825–880) असे परंपरा मानते. नवव्या प्रकरणात हा नायक राजधानीत आपल्याला जागा उरली नाही असे वाटून दोनचार मित्रांसह पूर्वेकडे निघतो. मिकावा प्रांतात यात्सुहाशी नावाच्या जागी ते पोचतात. तिथे पाणी कोळ्याच्या पायांसारखे आठ वाटांनी फुटून वाहते आणि त्यावर आठ फळकुटांचे पूल टाकलेले आहेत, म्हणून ते नाव. दलदलीच्या काठी झाडाच्या सावलीत उतरून ते शिदोरी सोडतात. पाण्यात 'काकित्सुबाता' फुललेली असते. कुणीतरी म्हणते, या नावाची पाच अक्षरे पाच ओळींच्या आरंभी येतील अशी प्रवासाची कविता कर. नायक करतो. ती ऐकून सगळे रडतात, आणि त्यांचे अश्रू पडून शिदोरीतला वाळवलेला भात फुगून येतो.

एवढेच ते प्रकरण. वर्गात मात्र ते फार चांगले रंगायचे. आमचे महाविद्यालय कोकणात, तालुक्याच्या गावी. समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या घरातले कुणी ना कुणी मुंबईला. राजधानी मागे टाकून निघालेला माणूस आणि घरी राहिलेली बायको हे त्यांना समजावून सांगावे लागत नसे. नारिहिराच्या बाबतीत दिशा उलटी आहे, तो राजधानीतून निघून दूरच्या मुलखात चालला आहे, पण एवढ्याने काही अडत नसे. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, रडून रडून त्यांचे पोहे भिजले." सगळा वर्ग हसला. आम्ही रागावलो नाही, कारण तो बरोबर होता. त्या शेवटच्या वाक्यात मूळ लेखकालाही हसू अभिप्रेत असावे असे आम्हांला तेव्हापासून वाटत आले आहे. दुःख खरे आहे, आणि त्या दुःखाने शिदोरी खाण्याजोगी केली हेही खरे आहे.

आता चूक. आमच्या पुढ्यातल्या इंग्रजी अनुवादात त्या फुलाला 'आयरिस' म्हटले होते. आम्ही इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. त्यात पहिला अर्थ होता डोळ्यातली परितारिका, आणि दुसरा, 'एक फुलझाड'. एक फुलझाड! कोशकारांनी आपल्यापुरता प्रश्न सोडवला होता. आम्ही काय केले, तर दलदल आहे, निळीजांभळी फुले आहेत, पाण्यात उगवली आहेत, तेव्हा लिहून टाकले, 'निळी कमळे'. वाचायला गोड लागत होते. पाच अक्षरांचा खेळ तळटिपेत उरकला. वाचकाला परके वाटू नये म्हणून भाषांतरात जवळचा शब्द घ्यावा, असे एक समर्थनही आमच्याकडे तयार होते. ते आम्ही एका चर्चासत्रात मांडलेसुद्धा, आणि टाळ्याही घेतल्या.

2012 सालच्या एका उत्तरपत्रिकेत मात्र वेगळेच वाक्य आले. 'दलदलीत डोळ्यांच्या परितारिका फुलल्या होत्या,' असे एका मुलीने लिहिले होते. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बराच वेळ हसलो. लाल शाईने खाली रेघ मारली, समासात प्रश्नचिन्ह काढले आणि दोन गुण कापले. मुलीला विचारण्याची तसदी घेतली नाही. कितीतरी वर्षांनी लक्षात आले की त्या वर्गात त्या एकटीने आमच्या टिपणावर विश्वास न ठेवता ग्रंथालयात जाऊन इंग्रजी अनुवाद काढला होता. तिला 'आयरिस' हा शब्द सापडला होता, आणि कोशातला पहिला अर्थ तिने प्रामाणिकपणे घेतला होता. ती चुकली, पण मूळच्या दिशेने चालताना चुकली. आणि खरे पाहता तिची चूक तितकी हास्यास्पदही नव्हती. डोळ्यातल्या त्या रंगीत कड्याला आणि त्या फुलाला एकच नाव मिळाले आहे ते ग्रीक पुराणातल्या इंद्रधनुष्याच्या देवतेवरून. आमच्या कमळाला तर तेवढाही आधार नव्हता.

2019 च्या मे महिन्यात आम्ही दोघी जपानला गेलो. आमच्यापैकी एकीचा भाऊ नागोयाजवळ, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यात, बरीच वर्षे नोकरीला आहे. पेपर तपासून झाले होते आणि सुट्टी लागली होती. जुना मिकावा प्रांत म्हणजे आजच्या आइची परगण्याचा पूर्व भाग, आणि यात्सुहाशी आजच्या चिर्यू शहरात येते, हे आम्हांला नकाशा उघडल्यावर कळले. बारा वर्षे शिकवलेली जागा भावाच्या घरापासून लोकलच्या थोड्याच स्थानकांवर होती.

आम्ही 4 मे रोजी पोचलो. दुसऱ्या दिवशी तिथे मुलांचा सण असतो. वहिनीने बाजारातून लांब हिरव्या पात्यांची एक जुडी आणली आणि भाचरांच्या आंघोळीच्या गरम पाण्यात सोडली. न्हाणीघरातून जो वास आला त्याने आम्ही दोघीही जागच्या उठलो. तो वेखंडाचा वास होता. बाळगुटीच्या सहाणेवर, हळकुंड आणि मुरडशेंगेच्या शेजारी, ज्याचा एखादाच वेढा द्यायचा ते वेखंड. तिकडे त्याला 'शोबु' म्हणतात. मूळ आपण वापरतो, पाती ते वापरतात, आणि दोन्हीकडे ते लेकरांच्याच अंगाला लागते.

या वेखंडाचा आमच्या फुलाशी जवळचा संबंध आहे हे वहिनीनेच दाखवले. आयरिसची पानेही अशीच, तलवारीच्या पात्यांसारखी, एकात एक बसलेली आणि पंख्यासारखी वर गेलेली. फूल नसताना दोन्ही शेजारी ठेवली तर सहज फसगत व्हावी. म्हणून आयरिसच्या एका जातीला जपानी लोक 'हानाशोबु' म्हणतात, म्हणजे फुलांचे वेखंड. युरोपातल्या पिवळ्या पाणआयरिसच्या शास्त्रीय नावातही हीच गंमत आहे. त्याचा अर्थ होतो खोटे वेखंड. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन कुळे एकमेकांपासून फार दूरची. पण नावे ठेवणाऱ्यांनी, पूर्वेला काय नि पश्चिमेला काय, एकाच पानाकडे पाहून ती ठेवली. आम्ही मात्र फुलाचे भाषांतर करताना पानाचा विचारच केला नव्हता. केला असता, तर कमळ मनात आले नसते. कमळाचे पान गोल असते, हे काय सांगायला हवे!

दोनतीन दिवसांनी चिर्यूला गेलो. तिथे मुर्योजु-जी नावाचे एक बौद्ध मंदिर आहे, आणि त्याच्या आवारात लहान लहान तळ्यांची बाग आहे. सुमारे तीस हजार झाडे आहेत असे सांगतात. काकित्सुबाता आम्ही तिथे प्रथम पाहिली. तळ्यातले पाणी घोट्याइतकेच. त्यातून पाती सरळ उभी, कमरेच्या थोडी खालपर्यंत, आणि त्यांच्यामधून निघालेल्या दांड्यांवर गडद निळीजांभळी फुले. फुलाच्या तीन पाकळ्या खाली लवलेल्या आणि तीन अरुंद पाकळ्या वर उभ्या. खाली लवलेल्या प्रत्येक पाकळीच्या मध्यावर, देठाकडून निघालेली, एक बारीक पांढरी रेघ, कुणी टाकाने ओढावी तशी. हीच तिची खूण. जपानात तीन आयरिस एकमेकींसारख्या दिसतात, इतक्या की दोन सारख्याच चांगल्या गोष्टींतून निवड करता येत नसेल तर त्यांच्यातल्या दोघींच्या नावावरून केलेली एक म्हण वापरतात. 'आयामे' कोरड्या जमिनीत वाढते आणि तिच्या पाकळीच्या मुळाशी जाळीची नक्षी असते. 'हानाशोबु'ला ओलसर जमीन चालते, तिची रेघ पिवळी, आणि पान हाताला लागले की मधली शीर उठून जाणवते. काकित्सुबाताची रेघ पांढरी, पान सपाट व मऊ, आणि तिघींतली खरी पाण्यात उभी राहणारी ती एकटीच. शास्त्रीय नाव आयरिस लेव्हिगाटा. त्यातल्या विशेषणाचा अर्थच गुळगुळीत असा आहे. जपान, कोरिया, ईशान्य चीन आणि पूर्व सैबेरिया हा तिचा मुलूख.

बागकामाच्या दृष्टीने ती तशी हट्टी नाही, पण अटी घालते. मुळांशी चिखल आणि त्यावर वर्षभर चार बोटे पाणी, डोक्यावर उघडे ऊन, आणि हिवाळ्यात खरी थंडी. थंडीत पाती वाळून जातात आणि कंद चिखलात झोपून राहतो. हानाशोबुच्या हौशी लोकांनी एदो काळात तिचे शेकडो प्रकार तयार केले, कुरवाळलेल्या, झालरीच्या, ताटाएवढ्या फुलांचे. मात्सुदाइरा शोओ नावाच्या एका सरदाराने तर आयुष्य त्यात घातले. काकित्सुबाता त्या मानाने फारशी बदलली नाही. थोडे पांढरे, थोडे ठिपक्यांचे प्रकार निघाले, पण बागेत लावतात ती बहुतेक जशी रानात तशीच. तिच्या वाट्याला माळ्यांपेक्षा वाचक अधिक आले असे आम्हांला वाटते.

कारण ती बाग वाचकांनीच लावली आहे. हे आम्हांला तिथे उभे असताना कळले नव्हते. परत आल्यावर, 'साराशिना निक्की' ही रोजनिशी वाचताना कळले. तिची लेखिका 1020 साली, तेरा वर्षांची असताना, वडिलांबरोबर पूर्वेकडून राजधानीला आली. वाटेत यात्सुहाशी लागले. तिने लिहून ठेवले आहे की नाव तेवढे उरले आहे, पुलाचा मागमूस नाही आणि पाहण्यासारखेही काही नाही. म्हणजे 'इसे'ची कीर्ती होऊन शंभर-सव्वाशे वर्षे होतात न होतात तोच ती जागा निकामी झाली होती. ओढे वळले असतील, दलदल भरली असेल, भातशेती आली असेल. कविता राहिली आणि तिचा विषय गेला. पुढे लोक पिढ्यान् पिढ्या कविता वाचून तिथे येत राहिले आणि काही न दिसता परत जात राहिले. आजची बाग उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, एका भिक्षूने मंदिराचा जीर्णोद्धार केला तेव्हा. म्हणजे आम्ही भारावून ज्या फुलांकडे पाहत उभ्या होतो ती नारिहिराच्या फुलांची वंशज असतीलच असे नाही. ती त्याच्या कवितेची वंशज होती.

हे कळल्यावर प्रथम थोडे फसवले गेल्यासारखे वाटले. मग वाटले, यात फसवणूक कसली? जपानातल्या कितीतरी बागांतून हेच केले आहे. ओकायामाच्या कोराकुएन बागेत ओढ्यावर फळ्यांचा वाकडातिकडा पूल आहे, भोवती काकित्सुबाता लावली आहे, आणि त्या जागेचे नावच यात्सुहाशी. मूळ जागेपासून शेकडो किलोमीटरवर. पाहणाऱ्याने 'इसे' वाचले आहे हे गृहीत धरून माळ्याने केलेला तो संदर्भ आहे. आपल्याकडे एखाद्या कीर्तनकाराने अर्धे चरण म्हणावे आणि उरलेले श्रोत्यांनी पुरे करावे, तसे. फळ्या सरळ रेषेत नसतात, तिरप्या एकापुढे एक असतात; त्यामुळे माणसाला घाईने पलीकडे जाता येत नाही. प्रत्येक वळणावर पाय बघून टाकावा लागतो, मान वळते, आणि फुलांचा तोच ताटवा दुसऱ्या बाजूने दिसतो. चिर्यूला आमच्यापुढे एक म्हातारे जोडपे चालले होते. आजी प्रत्येक फळीवर थांबत होत्या. मागे आम्ही, आमच्यामागे आणखी दहाबारा माणसे, आणि कुणीही काही बोलत नव्हते.

कानाझावाच्या केनरोकुएन बागेतही मे महिन्यात वळणावळणाच्या ओढ्यात ही फुले असतात. पहाटे कळी उमलताना बारीकसा आवाज होतो अशी तिथली समजूत आहे, आणि तो ऐकायला लोक अंधारात येऊन बसतात. तो आवाज खरेच होतो की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत. आमच्यापैकी एकीला असे वाटते की इतकी माणसे पहाटे एका कळीपाशी गप्प बसली की काहीतरी ऐकू येणारच.

चित्रकार ओगाता कोरिन (1658–1716) याने याच प्रकरणावर पडदे रंगवले. सहा-सहा घड्यांच्या दोन पडद्यांची ती जोडी आज टोकियोच्या नेझू संग्रहालयात आहे. सोन्याच्या वर्खाची भूमी, तिच्यावर दगडी निळा आणि हिरवा असे दोनच रंग, आणि फुलेच फुले. पूल नाही, माणसे नाहीत, पाणीदेखील नाही. त्यानंतर काही वर्षांनी त्याने दुसरी जोडी रंगवली; ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि तिच्यात मात्र पूल आहे. नेझूतले पडदे दर वर्षी फुलांच्या हंगामात थोडे दिवस मांडतात. आम्ही त्याच दिवसांत जपानात होतो, पण बुलेट ट्रेनचे भाडे पाहून टोकियोचा बेत सोडून दिला. चित्र तरीही आमच्या पाकिटात होते! 2004 पासून चलनात असलेल्या पाच हजार येनच्या नोटेच्या पाठीवर कोरिनचीच फुले होती, आणि पुढच्या बाजूला हिगुची इचियो, चोविसाव्या वर्षी गेलेली कथालेखिका. नोटेच्या एका अंगाला लेखिका आणि दुसऱ्या अंगाला एका काव्यप्रसंगाचे चित्र, हे पाहून मराठीच्या दोन अध्यापिकांना काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. 2024 मध्ये निघालेल्या नव्या नोटेवर त्सुदा उमेको या शिक्षणतज्ज्ञ बाई आहेत आणि मागे विस्टेरियाचे घोस. आमची एक जुनी नोट आम्ही मोडली नाही. फाइलमध्ये ठेवली आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी भावाने गाडीतून कारियाला नेले. चिर्यूच्या शेजारचेच ते शहर, कारखान्यांचे. तिथे कोझुत्सुमी-निशी नावाचे तळे आहे आणि त्यात काकित्सुबाता रानटी स्थितीत वाढते, कुणी लावलेली नाही. 1938 पासून ते राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून राखलेले आहे. इथे मंदिर नव्हते, पूल नव्हता, कवितेचा फलकही आम्हांला दिसला नाही. टेकडीच्या पायथ्याशी झिरपणाऱ्या पाण्यावर पसरलेला निळसर पट्टा, मध्ये मध्ये गवत, आणि काठाने चार-दोन माणसे. बागेत ताटवा होता, इथे ती विखुरलेली होती, काही उंच, काही गवतात बुडालेली. पण तळे आपोआप राहिलेले नाही. लोक दर वर्षी पाण्यात उतरून बोरू आणि इतर माजलेले गवत काढतात. नाही काढले तर ते काकित्सुबाताला गिळून टाकील. जपानच्या पर्यावरण खात्याच्या यादीत ही जात संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत गणली जाते. दलदली बुजवून घरे बांधणे तिकडेही चालूच आहे. गुडघाभर चिखलात उभे राहून गवत उपटणारी माणसे 'इसे' वाचून येत असतील का, असे आम्ही भावाला विचारले. तो म्हणाला, "ताई, शाळेत सगळ्यांनाच असतं ते."

त्या रात्री आम्ही टिपण काढून पुन्हा वाचले. आमचे कमळ किती नडले ते तेव्हा नीट दिसले. नारिहिराच्या कवितेत वरवर बायकोची आठवण आहे, पण तिची सगळी वीण कापडाची आहे. 'कि' म्हणजे नेसणे आणि येणेही. 'नारे' म्हणजे वापरून मऊ झालेले वस्त्र आणि सहवासाने सवयीचे झालेले माणूसही. 'त्सुमा' म्हणजे वस्त्राचा काठ आणि पत्नीही. 'हारु' म्हणजे कापड ताणून वाळवणे, आणि त्याच अक्षरांत 'दूरदूर'ही. आपल्या संतकवींपासून पंतकवींपर्यंत श्लेष सगळ्यांनी केले, पण एकतीस अक्षरांत, पाच अक्षरांची अट पाळून, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणून, असे उदाहरण आम्हांला तरी आठवत नाही. (चौथी ओळ 'बा'ने नव्हे, 'हा'ने सुरू होते, जुन्या लिपीत दोन्हींना एकच चिन्ह होते.) आता मौज अशी की काकित्सुबाता हे फूलच मुळी कापडाचे आहे. 'मान्योशु' या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहापासून ते कापडावर चोळून रंग उठवण्यासाठी येते, आणि तिचे नाव त्या चोळण्यावरूनच पडले असे मानतात. आणि कोरिन? तो क्योतोच्या किमोनो विकणाऱ्या घराण्यातला. फूल, वस्त्र, बायको, चित्र हे सगळे एकाच धाग्यात ओवलेले. रंग लागतो, वस्त्र अंगाला लागते, माणसाचा लळा लागतो.

आणि त्या जागी आम्ही कमळ ठेवले! ज्याच्या पानावर पाणी ठरत नाही, चिखलात राहून ज्याला चिखल लागत नाही, जे आपल्या हजार-दोन हजार वर्षांच्या वाङ्मयात अलिप्ततेचा दाखला म्हणून उभे आहे, ते कमळ. न सुटणाऱ्या आसक्तीच्या कवितेत आम्ही विरक्तीचे चिन्ह लावून दिले होते. मुले त्यावर प्रश्नोत्तरे लिहीत होती. एका हुशार मुलाने तर कमळाच्या प्रतीकावर दोन पाने लिहिली होती, निर्लेप मनाविषयी, आणि आम्ही त्याला सोळापैकी चौदा गुण दिले होते.

थोडेसे समाधान एवढेच की या फुलाच्या बाबतीत चुकणारे आम्ही पहिले नव्हे. जपानी लोकांनी काकित्सुबातासाठी चिनी लिपीतली जी दोन चिन्हांची नावे घेतली, त्यांतले एक चीनमध्ये भलत्याच झाडाचे होते, आणि दुसरेही तसेच. शब्द उसना घेताना झाड मागे राहते. त्यांची चूक हजार वर्षांत रुळली आणि तिची भाषा झाली. आमची तेवढी जुनी होऊ देणे बरे नव्हे.

कंद आणायचा मोह झाला होता, हे कबूल केले पाहिजे. महाविद्यालयाच्या आवारात एक दगडी हौद आहे, त्यात लावावा असे वाटले. पण योग्य कागदपत्रांशिवाय परदेशातून झाडाचे मूळ आणता येत नाही, आणि आणले असते तरी आमच्या घामाघूम करणाऱ्या डिसेंबरात ते झोपले कधी असते? नाद सोडला.

टिपण मात्र दुरुस्त करायला घेतले ते आत्ता, गेल्या जूनमध्ये. मधली वर्षे महासाथीत आणि नव्या अभ्यासक्रमांच्या बैठकांत गेली. काय लिहायचे यावर आमचे पुष्कळ भांडण झाले. एकीचे म्हणणे, सरळ 'काकित्सुबाता' ठेवावे. पाच अक्षरे आहेत, मराठी कानाला अक्षर कळते, खेळ समजेल. दुसरीचे म्हणणे, नाव ठेवले तरी झाड दिसायला हवे, म्हणून वाक्यातच 'वेखंडासारख्या पात्यांची' असे यावे. शेवटी दोन्ही घेतले. वाक्य थोडे लांबले. वर्गात प्रयोगही केला; पाच अक्षरी मराठी फूल शोधा म्हटल्यावर मुलांनी 'पारिजातक' काढले, आणि 'रि'ने ओळ सुरू करताना सगळ्यांची दमछाक झाली. रिकाम्या घरांची, रित्या घागरींची आणि रिक्षांची बरीच गर्दी झाली त्या दिवशी. श्लेष कुणाला साधला नाही. पण आठ फळ्यांवरून चालताना पाय बघून टाकावा लागतो तसे एकेक अक्षर बघून टाकावे लागते, हे त्यांना कळले असावे.

परितारिका लिहिणारी मुलगी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नवे टिपण झाल्यावर आम्ही तिला फोन केला. गुण कापल्याचे तिला आठवत नव्हते. किंवा आठवत नाही असे ती म्हणाली. गोष्ट मात्र पक्की आठवत होती.

"मी सांगते की मॅडम मुलांना. पाचवीच्या वर्गाला. पोहे भिजतात तिथे फार हसतात."

"आणि फूल कोणतं सांगतेस गं?"

"निळी कमळं. तुमच्याच टिपणातली. मुलांनी कमळ पाहिलंय ना, बरं पडतं."

आम्ही तिला सगळे सांगितले. पांढरी रेघ, सपाट पान, वेखंड. तिच्या माहेरी विहिरीच्या पाटाला वेखंड आहे, म्हणाली, ओळखते. मग थोडा वेळ तिकडून काही आवाज आला नाही. मागे वर्ग सुटल्याची घंटा ऐकू आली.

"या वर्षीच्या मुलांना सांगून झालंय, मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बदलते."